गेटपासशिवाय बाहेर जाणारा माल



कारखान्यात काम केलेल्या माणसाला ‘गेटपास’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. भोसरीतल्या दहा माणसांच्या वर्कशॉपपासून चाकणच्या मोठ्या मोटार कारखान्यापर्यंत नियम एकच. आतली वस्तू बाहेर न्यायची असेल तर तिच्याबरोबर कागद हवा. त्यावर वस्तूचे नाव, नग, कोणाकडे चालली, कशासाठी चालली आणि सही कोणाची, हे सारे लिहिलेले असते. गेटपासचेही दोन प्रकार. रिटर्नेबल, म्हणजे परत येणाऱ्या मालाचा, आणि नॉन-रिटर्नेबल, म्हणजे गेला तो गेला. साधे ड्रिल मशीन दुरुस्तीला न्यायचे असले तरी वॉचमन कागद मागतो आणि त्यात आपल्याला काही वावगे वाटत नाही.

आज मला बोलायचे आहे ते अशा मालाविषयी, जो गेटपासशिवाय बाहेर जातो. रात्री आपण झोपलेलो असताना जातो, कंपनीच्या बसमध्ये डुलकी लागलेली असताना जातो, आणि एकदा गेला की बहुधा परत येत नाही. हा माल म्हणजे आपल्या फोनमधली आणि टॅब्लेटमधली माहिती. आपले फोटो, आपण कुठे गेलो त्याची नोंद, काय शोधले त्याची यादी, आणि आपल्या ओळखीच्या शेकडो माणसांची नावे व नंबर.

मी तीस वर्षे टूलरूममध्ये काढली. निवृत्त झाल्यावर निगडीत संध्याकाळी एक छोटासा वर्ग घेऊ लागलो. कामगार येतात, गृहिणी येतात, माझ्यासारखे निवृत्तही येतात. विषय एकच, हातातला फोन नीट समजून वापरणे. तिथे जे पाहिले, त्यातले दोन अनुभव आधी सांगतो.

पहिले गृहस्थ चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहेत. आपल्याकडे बऱ्याच कारखान्यांत गेटवर फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवतात. यांना मात्र कॅमेऱ्याची परवानगी होती, कारण नाकारलेल्या पार्टचे फोटो पुरवठादाराला पाठवणे हे त्यांचे रोजचे काम. घरी मुलाच्या दहावीच्या अभ्यासासाठी त्यांनी टॅब्लेट घेतला. तो सुरू करताना ई-मेल खाते विचारले गेले, त्यांनी आपलेच घातले. काही महिन्यांनी मुलगा शाळेच्या प्रकल्पासाठी फोटो शोधत होता. गॅलरीत पाहतो तर कास्टिंगच्या भेगांचे फोटो, तपासणीचे तक्ते, त्यावर ग्राहक कंपनीचे नाव. मुलाने निरागसपणे विचारले, “बाबा, हे सगळे तुमच्या कंपनीतले का?” बाबांना घाम फुटला. कारण नोकरीला लागताना गोपनीयतेच्या कागदावर त्यांनी सही केलेली होती, आणि तो टॅब्लेट मुलाच्या चार मित्रांच्या हातांतून फिरत होता.

झाले काय होते? फोन आणि टॅब्लेट दोन्हींवर एकच खाते. फोनवर फोटोंचा बॅकअप चालू. फोटो काढला की तो आपोआप इंटरनेटवरच्या साठ्यात जायचा आणि त्याच खात्यावर उघडलेल्या टॅब्लेटवर दिसायचा. यालाच सिंक म्हणतात. यात कोणी चोरी केली नव्हती. यंत्र त्याला नेमून दिलेले काम चोख करत होते. फक्त ते काम असे चालते, हे कोणी सांगितले नव्हते.

ते घाईघाईने टॅब्लेटवरून फोटो पुसायला निघाले, तेव्हा मी त्यांचा हात धरला. ही गोष्ट आपणही लक्षात ठेवा. सिंक चालू असताना एका ठिकाणी पुसलेला फोटो दुसरीकडूनही पुसला जाऊ शकतो. त्यांना सोमवारी तेच फोटो बैठकीत दाखवायचे होते. आधी कामाचे फोटो कंपनीच्या संगणकावर उतरवून घेतले, मग टॅब्लेटवरून खाते काढले, मग साठ्यातले फोटो पुसले. क्रम महत्त्वाचा. सेटिंग करताना जॉब आधी क्लॅम्प करतात, मगच कटर फिरवतात, तसेच हे.

दुसरा अनुभव एका तरुणाचा. मराठवाड्यातून आलेला, चाकणजवळ म्हाळुंग्याला खोलीवर राहणारा कंत्राटी कामगार. घरी पैशाची नड होती म्हणून त्याने एका ॲपवरून काही हजारांचे कर्ज घेतले. ॲपने सुरुवातीलाच संपर्क यादी पाहण्याची परवानगी मागितली, त्याने ‘अलाऊ’ दाबले. हप्ता चार दिवस लांबला आणि त्याच्या सुपरवायझरला, गावच्या सरपंचांना आणि सख्ख्या आत्याला घाणेरडे संदेश जाऊ लागले. “काका, पैसे मी घेतले, पण आत्याचा नंबर त्यांना कोणी दिला?” असे त्याने मला विचारले. उत्तर द्यायला जड गेले. नंबर ॲपने घेतला होता, त्या एका दाबलेल्या बटणाच्या आधारावर.

अशा प्रकारांवर बंधने आली आहेत, ती माहीत असलेली बरी. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये डिजिटल कर्जाविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यानुसार कर्जाच्या ॲपने फोनमधल्या फाइली, फोटो, संपर्क यादी आणि कॉलच्या नोंदी यांना हात लावायचा नाही. कॅमेरा, माइक किंवा ठिकाण यांची परवानगी घ्यायचीच असेल तर ती ग्राहकाची ओळख पटवण्यासाठी, एकदाच, आणि स्पष्ट संमतीने. २०२३ मध्ये गूगलनेही आपल्या प्ले स्टोअरवरच्या वैयक्तिक कर्जाच्या ॲपना संपर्क आणि फोटो घेण्यास मनाई केली. नियमाने चालणाऱ्या संस्थांच्या कर्ज-ॲपची यादी जुलै २०२५ पासून रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर ठेवण्यात आली. म्हणून कर्जाचे ॲप घेण्यापूर्वी ती यादी पाहावी, आणि एखादे ॲप संपर्क यादी मागू लागले तर तिथूनच परत फिरावे.

या तरुणाच्या प्रश्नात एक मोठा मुद्दा दडलेला आहे. आपल्या फोनमधली माहिती केवळ आपली नसते. याचे जगभर गाजलेले उदाहरण म्हणजे २०१८ मध्ये उघडकीला आलेले केंब्रिज ॲनालिटिका प्रकरण. फेसबुकवर व्यक्तिमत्त्वाची चाचणी घेणारे एक ॲप होते. ते भारतात घेणारी माणसे किती? फेसबुकनेच सांगितलेला आकडा आहे ३३५. पण ॲप घेणाऱ्यांचे मित्र म्हणून ज्यांची माहिती बाहेर गेली असण्याची शक्यता होती, असे भारतीय होते ५ लाख ६२ हजारांहून अधिक. या लाखो लोकांनी ते ॲप पाहिलेही नव्हते. त्यांच्या वतीने ‘हो’ म्हणणारे दुसरेच कोणीतरी होते.

ठिकाणाच्या नोंदीचे तसेच. स्ट्रावा नावाचे धावणे आणि सायकलिंग मोजणारे ॲप आहे. त्या कंपनीने २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये जगभरच्या वापरकर्त्यांच्या मार्गांचा एक नकाशा प्रसिद्ध केला. कोणाचेही नाव त्यात नव्हते. पण २०१८ च्या जानेवारीत लोकांच्या लक्षात आले की, वाळवंटात जिथे काहीच असायला नको तिथे उजळ रेषा दिसताहेत. त्या होत्या लष्करी तळांवर व्यायाम करणाऱ्या सैनिकांच्या. सैन्याचे तळ असे उघडे पडले. मग रोज रात्री दुसरी पाळी संपवून तळवड्याहून घरी येणाऱ्या मुलीचा ठरलेला रस्ता आणि ठरलेली वेळ एखाद्या अनोळखी ॲपकडे साठत असेल, तर ती गोष्ट क्षुल्लक कशी म्हणायची?

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. प्रेस शॉपमध्ये काम केलेल्यांना दोन बटणांचा प्रेस माहीत असेल. दोन्ही हातांनी दोन बटणे एकदम दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही. कारण उघड आहे, दोन्ही हात बटणावर असले की डायमध्ये बोट सापडत नाही. म्हणजे यंत्राची मूळ स्थिती ‘बंद’ असते आणि ते चालवायला माणसाला मुद्दाम काहीतरी करावे लागते. सुरक्षिततेचे सारे शास्त्र या एका तत्त्वावर उभे आहे. फोनचे नेमके उलटे असते. त्यातल्या बऱ्याच गोष्टींची मूळ स्थिती ‘चालू’ असते आणि बंद करायला आपल्याला मुद्दाम शोधत जावे लागते. ज्यांना माहिती मिळण्यात फायदा आहे त्यांनीच ही मूळ स्थिती ठरवलेली असते.

बंद केले म्हणजे खरोखर बंद झाले का, हाही प्रश्न असतो. ऑगस्ट २०१८ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने दाखवून दिले की, गूगलची ‘लोकेशन हिस्टरी’ बंद केली तरी ‘वेब अँड ॲप ॲक्टिव्हिटी’ या दुसऱ्या कळीतून ठिकाणाची नोंद होत राहते. पुढे नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतल्या ४० राज्यांशी गूगलने ३९ कोटी १५ लाख डॉलरला तडजोड केली. यातून आपण घ्यायचा धडा इतकाच, की एक व्हॉल्व्ह फिरवून समाधान मानू नये. पुढचाही तपासावा.

तर मग करायचे काय? अगदी क्रमाने सांगतो. कागद-पेन्सिल जवळ असेल तर टिपून घ्या. फोनच्या कंपनीप्रमाणे नावे थोडी इकडेतिकडे होतात, पण सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत शब्द टाकला की सापडतात.

पहिले काम, खाती वेगळी करणे. वडिलांचा फोन आणि मुलांचा टॅब्लेट एका खात्यावर नको. मुलासाठी वेगळे खाते काढावे आणि त्यावर पालकांचे नियंत्रण ठेवावे. आयफोन आणि आयपॅड एकाच खात्यावर असतील तर फोटोच नव्हे, कॉलची नोंद आणि संदेशही दुसरीकडे उमटू शकतात. फोनवर आलेला कॉल घरातल्या टॅब्लेटवरही वाजतो, त्याचे कारण हेच.

दुसरे, सिंक आणि बॅकअप. सेटिंग्जमध्ये ‘अकाउंट्स’ उघडा आणि त्या खात्याखाली काय काय सिंक होते ते पाहा. संपर्क, कॅलेंडर, फोटो, प्रत्येकाची कळ वेगळी असते. जे दुसऱ्या उपकरणावर नको ते बंद करा. पण एक लक्षात असू द्या. बॅकअप बंद केल्याने आधी गेलेले फोटो परत येत नाहीत की पुसले जात नाहीत. ते वेगळे पुसावे लागतात. पुसल्यावरही ते कचऱ्याच्या टोपलीत काही दिवस राहतात, गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेले ६० दिवस, ॲपलकडे साधारण ३० दिवस. टोपलीही रिकामी करायला विसरू नका.

तिसरे, ॲपच्या परवानग्या. अँड्रॉइडमध्ये ‘प्रायव्हसी’खाली ‘परमिशन मॅनेजर’ असतो. तो उघडला की ठिकाण, कॅमेरा, माइक, संपर्क, यांतले कोणाकोणाला दिले आहे त्याची यादी दिसते. टॉर्चच्या ॲपला संपर्क यादी कशाला हवी? नको असेल ते काढा. ठिकाणासाठी ‘फक्त ॲप वापरताना’ हा पर्याय निवडा. हवामानाच्या ॲपला अंदाजे ठिकाण पुरते, अचूक पत्ता लागत नाही. अँड्रॉइड १२ पासून पुढे आणि आयफोनवरही कॅमेरा किंवा माइक चालू असला की पडद्याच्या वरच्या भागात छोटी खूण उमटते. ती विनाकारण दिसली तर शोध घ्या.

चौथे, जाहिरातींचा माग. प्रत्येक फोनला जाहिरातीसाठी एक ओळख-क्रमांक असतो. निरनिराळ्या ॲपमधले आपले वागणे त्या क्रमांकावरून जोडले जाते. अँड्रॉइडच्या नव्या आवृत्त्यांत ‘ॲड्स’ या विभागात जाऊन तो पुसून टाकता येतो. आयफोनमध्ये एप्रिल २०२१ पासून प्रत्येक ॲपला माग काढण्यापूर्वी विचारावे लागते. ‘ट्रॅकिंग’मध्ये जाऊन विचारण्याचीच परवानगी बंद करता येते.

पाचवे, गूगल खात्यातली ‘वेब अँड ॲप ॲक्टिव्हिटी’ आणि ठिकाणाची नोंद. दोन्ही तपासा. पूर्ण बंद करायची नसेल तर तीन महिन्यांनी नोंद आपोआप पुसली जाईल असे ठरवता येते.

सहावे, कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘लोकेशन टॅग’ असतो. तो चालू असेल तर फोटोबरोबर ठिकाणही साठते. घराचे, मुलांचे, कामाच्या जागेचे फोटो पाठवण्यापूर्वी तो बंद करा. आणि ब्लूटूथवरून जवळच्यांना फाइल पाठवण्याची सोय ‘फक्त ओळखीचे’ किंवा बंद अशी ठेवा. लोकल किंवा कंपनीच्या बसच्या गर्दीत ती सगळ्यांसाठी उघडी असण्याचे कारण नाही.

सातवे, जुना फोन किंवा टॅब्लेट विकताना. पिंपरी कॅम्पातल्या दुकानात तो देण्यापूर्वी आधी त्यावरून खाते काढा, मग फॅक्टरी रीसेट करा. नुसते फोटो पुसणे पुरेसे नाही.

आता काय बंद करू नये, तेही सांगायला हवे. हरवलेला फोन शोधण्याची सोय चालू ठेवा. सुरक्षिततेचे अपडेट बंद करू नका. आणि घरातल्या कागदपत्रांचा, लग्नाच्या फोटोंचा बॅकअप कुठेतरी असलाच पाहिजे. वर्गातल्या एका बाईंनी भीतीपोटी सगळेच बंद केले, पुढे फोन पाण्यात पडला आणि नातवाचे पहिल्या वर्षाचे फोटो गेले. आपल्याला गेट कायमचे बंद करायचे नाही. कोणता माल कुठे जातो, हे आपल्याला माहीत असावे आणि सही आपली असावी, एवढेच.

कायद्याचे पाठबळ आहे का, असे कोणी विचारील. आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने, न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी या निवृत्त न्यायाधीशांच्या याचिकेवर, खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. त्यानंतर २०२३ मध्ये संसदेने डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा केला. त्यानुसार संमती मोकळेपणाने, विशिष्ट कारणासाठी आणि स्पष्ट कृतीने दिलेली असायला हवी, आणि ती मागे घेणे हे देण्याइतकेच सोपे असायला हवे. संमतीची सूचना इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचण्याची सोय हवी, म्हणजे मराठीतही. अठरा वर्षांखालील मुलांचा माग काढून त्यांना जाहिराती दाखवण्यास या कायद्यात मनाई आहे. दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये. याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य तरतुदी लागू करण्यासाठी त्यांत १८ महिन्यांची मुदत ठेवली गेली.

कायदा हवाच. पण कारखान्यात कामगार सुरक्षेचा कायदा आहे म्हणून आपण हेल्मेट काढून ठेवत नाही. आणि कोणी धमकावत असेल, पैसे उकळत असेल, तर गप्प बसू नका. १९३० हा सायबर गुन्ह्यांसाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. पिंपरी-चिंचवडला १५ ऑगस्ट २०१८ पासून स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे आणि चाकणही त्याच्याच हद्दीत येते. त्या तरुणाने संदेश पुसून न टाकता जपून ठेवले, म्हणून तक्रार देताना त्याच्याकडे पुरावा होता. सुपरवायझरला त्याने स्वतः जाऊन खरे सांगितले. त्यांनी पाठीवर हात ठेवला, आणि नोकरी राहिली.

मशीनचे जसे महिन्याचे मेंटेनन्स असते, तसे फोनचेही ठेवा. एखाद्या रविवारी जेवण झाल्यावर घरातले सगळे फोन आणि टॅब्लेट मध्ये ठेवा. मुलांनाही बसवा, त्यांची बोटे आपल्यापेक्षा चपळ चालतात. अर्धा तास पुरतो. आणि ‘माझ्याकडे लपवण्यासारखे काय आहे?’ असे मनात आले, तर संपर्क यादी उघडून एकदा वरून खाली वाचा. आत्या, शेजारच्या वहिनी, मुलीच्या मैत्रिणी, जुने सहकारी, डॉक्टर. या सर्वांनी आपला नंबर तुम्हाला विश्वासाने दिला आहे. तुमच्यापुढे अनोळखी ॲपची ती चौकट येईल, तेव्हा त्यांच्यापैकी कोणीही तिथे ‘नाही’ म्हणायला हजर नसेल. त्यांच्या वतीने ते आपल्यालाच म्हणायचे आहे.